पडद्यावरची मिल

मिलवाला : तुमची ती संगणकावरची फिल्म पाहिली, मॅडम. छान आहे. वेगाने पडणारे गोळे लाल, रेंगाळणारे निळे, मिल फिरतेय, सगळं कसं स्वच्छ. फक्त त्यात सिमेंट नाही. आमची मिल चार मीटर व्यासाची, बारा मीटर लांब, पोटात दोनशे टन पोलादी गोळे. मे महिन्यात क्लिंकर येतं ते हात लावू देत नाही. बाहेरच चंद्रपूरचे पंचेचाळीस अंश असतात, कूलरने तरी किती थंड करावं? जुलैत जिप्सम भिजून येतं आणि शूटमध्ये चिकटून बसतं. फ्लाय ॲश औष्णिक केंद्रातून येते, तिकडे कोळसा बदलला की तीही बदलते. आतलं तापमान एकशेदहा-एकशेवीसच्या वर चढलं की जिप्समचं पाणी उडतं आणि ते सिमेंट कालवल्याबरोबर आखडतं. म्हणून ऑपरेटर आत पाण्याचा फवारा सोडतो. यातलं काय आहे तुमच्या फिल्ममध्ये? आणि त्या जोरावर तुम्ही सांगता, लायनर बदला. आतल्या अस्तराचे ते लायनर बदलायचे म्हणजे मिल बंद, माणसं आत, बोल्ट गॅसने कापायचे, एकेक प्लेट मॅनहोलमधून बाहेर. अंदाज चुकला तर तुम्ही एक आकडा बदलून फिल्म पुन्हा चालवाल. मी काय चालवू?

मॉडेलवाली : चालवायची तुमचीच मिल आहे साहेब, म्हणून आधी तिचाच हिशेब मांडू. तासाला ८० टन सिमेंट आणि टनामागे तीस-पस्तीस युनिट वीज. या विजेतली नवा पृष्ठभाग तयार करण्यात, म्हणजे खऱ्या अर्थाने दळण्यात, किती जाते? मोजायच्या पद्धतीप्रमाणे आकडा बदलतो, पण नेहमी सांगतात तो एक-दोन टक्क्यांच्या आसपासचा. बाकीची उष्णता होते, आवाज होते, आणि त्याच उष्णतेवर तुम्ही पाणी मारता. टनामागे एक युनिट जरी वाचलं, तरी वर्षाच्या ७००० तासांत ५ लाख ६० हजार युनिट वाचतात. सात रुपये दर धरला तर ३९ लाख २० हजार रुपये. हे पैसे कुठे सांडतात ते बघायला आत डोकवावं लागतं आणि चालत्या मिलमध्ये कोणीही डोकावू शकत नाही. चार मीटरच्या मिलची क्रांतिक गती मिनिटाला २१ फेऱ्या. त्या गतीला गोळे भिंतीला चिकटून फिरतील, म्हणून मिल चालवतो पंचाहत्तर टक्क्यांवर, १६ फेऱ्यांनी. या १६ फेऱ्यांत गोळा कुठवर उचलला जातो, कुठून सुटतो आणि कुठे आदळतो यावर सगळं अवलंबून. नव्वद मिलिमीटरचा गोळा तीन किलोचा असतो. तो मालाच्या पायथ्याशी पडला तर क्लिंकर फुटतं. पायथा ओलांडून उघड्या लायनरवर पडला तर लायनर फुटतो, गोळा फुटतो आणि वीज तेवढीच लागते. मिलच्या मोटरचा ॲमीटर या दोहोंतला फरक सांगत नाही. माझी फिल्म सांगते.

मिलवाला : गोळ्याच्या वाटेचं गणित नवं नाही. डेव्हिसने १९१९ सालीच मांडलंय, तेही कागदावर. आणि दळणाला वीज किती लागेल ते फ्रेड बाँडने १९५२ मध्ये सांगून ठेवलं. त्याची प्रयोगशाळेतली मिल किती? १२ इंच बाय १२ इंच. तीत मोजून २८५ गोळे. त्या चिमुकल्या डब्यात दगड दळायचा, एका फेरीमागे किती बारीक माल निघतो ते पाहायचं, त्यावरून एक आकडा काढायचा आणि तो एका सूत्रात घालायचा. सूत्रात दोन वर्गमुळं आहेत, बाकी काही नाही. पण त्या सूत्रावर जगभरच्या मिल बांधल्या गेल्या आणि त्यांतल्या कितीतरी आजही फिरतात. बाँडला आतलं काही दिसत नव्हतं, आणि त्याचं अडलंही नाही. तुम्हाला लाखो गोळ्यांचा रस्ता दिसतो, तरी तुमच्या अंदाजाला तुम्ही 'सुमारे' लावता.

मॉडेलवाली : बाँडचं अडलं नाही, कारण त्याने प्रश्नच तेवढा विचारला. अमुक दगड अमुक आकारापासून तमुक आकारापर्यंत आणायला किती ऊर्जा? तिथे बाँड अजून राजा आहे, मी स्वतः पहिला हिशेब त्याच्याच सूत्राने करते. पण त्याला विचारून बघा, गोळे उचलणाऱ्या लिफ्टरचा चेहरा उभा ठेवू की कलता? तो गप्प बसेल. त्याच्या सूत्रात लिफ्टर नाही, गोळ्याचा आकार नाही, गतीसुद्धा नाही. डेव्हिसने एका गोळ्याची वाट काढली, तीही शेजारी दुसरा गोळा नाही असं मानून. खऱ्या मिलमध्ये गोळा गोळ्याला ढकलतो. ते ढकलणं हिशेबात आणायची रीत कंडल आणि स्ट्रॅक यांनी १९७९ मध्ये मांडली, तीसुद्धा मातीच्या आणि खडीच्या अभ्यासासाठी. प्रत्येक कण वेगळा धरायचा, दोन कण भिडले की स्प्रिंग आणि डॅम्पर लावून बल काढायचं, सेकंदाच्या लाखाव्या भागाएवढं पुढे जायचं, पुन्हा तेच. हीच डिस्क्रीट एलिमेंट मेथड, आम्ही डीईएम म्हणतो. तुमची मिल एक फेरी पावणेचार सेकंदांत घेते, तेवढ्यासाठी संगणकाला लाखो पावलं चालावं लागतं. ही रीत बॉल मिलला लावली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात राजमणी आणि बी. के. मिश्रा यांनी, १९९० च्या सुमारास. हे मिश्रा पुढे आयआयटी गोव्याचे संचालक झाले. मग खाणीवाल्यांनी ती उचलली. अर्जेंटिनात अलुम्ब्रेरा नावाच्या तांब्या-सोन्याच्या खाणीत ३६ फूट व्यासाच्या मिल होत्या. उभट लिफ्टर गोळ्यांना पायथ्यापलीकडे लायनरवर फेकताहेत, हे या गणितातून दिसलं. लिफ्टर कलते केले. लायनरची मोडतोड कमी झाली आणि माल जास्त निघायला लागला. हे कागदावर घडलेलं नाही.

मिलवाला : अलुम्ब्रेरा मला मान्य. तिथे गोळे मोसंब्याएवढे आणि दगड त्याहून मोठे. जिथे मोठी वस्तू मोठ्या वस्तूवर आपटते तिथे तुमचं गणित चालणारच, कारण जे आपटतंय ते सगळं तुम्ही मोजलेलं असतं. आमच्या मिलच्या पहिल्या कप्प्यातही थोडंफार तसंच आहे. गोळे नव्वद ते साठ मिलिमीटरचे, समोर क्लिंकरचे खडे. तिथलं तुमचं मी ऐकून घेईन. पण मधला डायफ्राम ओलांडून दुसऱ्या कप्प्यात या. तिथे गोळा सतरा मिलिमीटरपर्यंत खाली येतो. वीस ग्रॅमचा गोळा, टनात पन्नास हजार. शंभर टन धरले तर पन्नास लाख गोळे. चला, आजचे संगणक मोठे आहेत, तेवढे गोळेही धरले असं समजू. आता सिमेंट मोजा. दहा मायक्रॉनचा दाणा धरला तर एका ग्रॅममध्ये साठ कोटी दाणे. एका ग्रॅममध्ये, मॅडम! चिमटीत मावत नाही तोवर तुमचा संगणक संपला. म्हणजे जी वस्तू दळायची आहे, जी विकून आपले पगार होतात, तीच तुम्ही वगळता आणि गोळ्यांचा खेळ दाखवता.

(वाचकासाठी एवढंच : सिमेंटची बारीकी कारखान्यात 'ब्लेन'ने मोजतात, म्हणजे एका किलोतल्या सगळ्या दाण्यांच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ. फ्लाय ॲश घातलेल्या पीपीसी सिमेंटला भारतीय मानकाप्रमाणे किमान ३०० चौरस मीटर लागतं. या वादात मिलवाल्याचा हा मुद्दा सगळ्यांत भारी आहे, आणि मॉडेलवाली तो टाळत नाही हे विशेष.)

मॉडेलवाली : खरं आहे. दुसऱ्या कप्प्यातली पूड मी एकेक दाणा धरून मोजू शकत नाही. आणि नुसती पूड मोजून भागणारही नाही. दाणे एकमेकांना चिकटतात, गोळ्यावर लेप चढतो, त्या लेपामुळे मार मऊ पडतो, म्हणून तर तुम्ही ग्राइंडिंग एड घालता. तो लेप माझ्या गणितात जवळजवळ नाहीच. म्हणून आम्ही काम वाटून घेतो. डीईएम सांगतं, मिलच्या कोणत्या भागात सेकंदाला किती धक्के बसतात आणि प्रत्येक धक्का किती जोराचा. पुढचं काम दुसऱ्या गणिताचं. ते दाणे मोजत नाही, आकारांचे गट मोजतं. नव्वद मायक्रॉनच्या वरचे किती, पंचेचाळीसच्या खालचे किती, कोणत्या गटातला माल किती वेगाने फुटतो, आणि फुटल्यावर त्याचे तुकडे कोणत्या खालच्या गटांत जाऊन पडतात. यालाच पॉप्युलेशन बॅलन्स म्हणतात. हे परदेशातून पेटीत आलेलं ज्ञान आहे असंही समजू नका. आयआयटी कानपूरला पी. सी. कपूर यांनी यावर आयुष्य घातलं. पुढे पुण्यात टाटांच्या टीआरडीडीसीत, म्हणजे १९८१ मध्ये सुरू झालेल्या त्या संशोधन केंद्रात, ते आणि त्यांचे सहकारी याच विषयावर काम करत होते. जाड माल वेगळा काढणारा सेपरेटर किती माल परत पाठवतो, परत आलेला माल मिलला किती तुंबवतो, हे सगळं या गणितात बसतं.

मिलवाला : आता तुम्ही माझ्या घरात आलात. हे गट-गणित मी पाहिलंय. त्यात दोन किल्ल्या असतात. एक, दाणा किती वेगाने फुटतो. दुसरी, फुटल्यावर तुकडे कसे पडतात. या दोन्ही तुम्ही थेट मोजत नाही. मिलमधून निघालेल्या मालाची चाळणी करता आणि आकडे जुळेपर्यंत दोन्ही किल्ल्या फिरवता. एक किल्ली थोडी जास्त फिरवली आणि दुसरी थोडी कमी, तरी वक्ररेषा तीच येते. म्हणजे उत्तर बरोबर आणि कारण चुकीचं, असं सहज होऊ शकतं. आणि कारण चुकीचं असलं तर आजची मिल जुळेल, पण गोळे बदलले की उत्तर कुठल्या कुठे जाईल. डीईएमचंही तेच. तुम्ही म्हणता, मोटरची वीज जुळली. ती जुळणारच! घर्षणाचा आकडा थोडा इकडे-तिकडे केला तरी एकूण वीज फारशी हलत नाही. जे सहज जुळतं ते जुळलं म्हणून पेढे वाटायचे नसतात. आमच्याकडे पूर्वी एक सल्लागार आला होता, हेच सगळं घेऊन. त्याच्या सांगण्यावरून दुसऱ्या कप्प्यात लहान गोळ्यांचं प्रमाण वाढवलं. ब्लेन वाढली, तो खूश. पण पंचेचाळीस मायक्रॉनच्या चाळणीवर उरणारा रेसिड्यूही वाढला. जाड माल तसाच सुटत होता आणि बारीक माल आणखी बारीक होत होता. क्यूब टेस्टला ताकद उतरली तेव्हा कळलं. त्याने काय सांगितलं? तुमचं क्लिंकर बदललं!

मॉडेलवाली : क्लिंकर बदललं होतं का?

मिलवाला : कोण जाणे. कोणी नोंदलं होतं?

मॉडेलवाली : माझी तक्रार नेमकी तीच आहे. दोन किल्ल्यांचा दोष मला मान्य आहे आणि वीज जुळणं हा पुरावा नव्हे हेही मान्य. गोळ्यांची वाट खरी आहे का हे तपासायला लोकांनी किरणोत्सारी कण मिलमध्ये सोडून त्याचा माग काढला. बर्मिंगहॅमला ते तंत्र तयार झालं, केप टाउनला मिलसाठी वापरलं गेलं. पण त्या प्रयोगशाळेतल्या छोट्या मिल. तुमच्या मिलचा माग तिथे नाही, तो इथेच काढावा लागेल. आता मी तुम्हाला विचारते. तुमचा तो जुना ऑपरेटर मिलचा आवाज ऐकून फीड कमी-जास्त करतो. आवाज तीक्ष्ण झाला की मिल रिकामी, बसका झाला की भरली. हे काय आहे? हेही मॉडेलच आहे साहेब. पंचवीस वर्षांच्या कानातलं मॉडेल. त्यातही किल्ल्या आहेत, त्याही मोजलेल्या नाहीत. तो चुकला तर कोणाला कळत नाही, कारण त्याने आधी काय अंदाज केला होता ते कुठेच लिहिलेलं नसतं. तो निवृत्त होईल तेव्हा ते मॉडेल घरी घेऊन जाईल. गोळ्यांचंही तसंच. दर आठवड्याला तुम्ही वरून गोळे टाकता, झिजेची भरपाई म्हणून. किती टाकायचे ते ठरतं मोटरच्या ॲम्पिअरवरून. कोणत्या आकाराचे टाकायचे ते ठरतं स्टोअरमध्ये काय शिल्लक आहे त्यावरून. दोन वर्षांनी आत कोणत्या आकाराचे किती गोळे उरलेत हे या कारखान्यात कोणीही सांगू शकत नाही. माझी फिल्म खोटी असेल, पण ती ज्या मिलची नक्कल करते ती मिल तुम्हालाही माहीत नाही.

मिलवाला : ते शोधायचं तर मिल क्रॅश-स्टॉप करावी लागते. तुम्ही कधी आत गेलात?

मॉडेलवाली : एकदा गेले.

मिलवाला : मग ठाऊक असेल. नेहमीसारखी रिकामी करत थांबवायची नाही, भरल्या पोटी, एका झटक्यात. फीड, मिल, पंखा, सगळं एकदम. मग हवा खेळती करून ती निवेपर्यंत थांबायचं, मोटरची वीज काढून कुलूप लावायचं, परमिट, आणि मग मॅनहोल उघडायचं. आत गोळ्यांच्या ढिगावरून चालायचं, पायाखालचं सगळं सरकतं. प्रत्येक मीटरला थांबायचं, वरचा थर बाजूला करून वीतभर खाली खणायचं, तिथला माल पिशवीत, पिशवीवर अंतर लिहायचं. कडेचा वेगळा, मधला वेगळा. डायफ्रामच्या फटी बघायच्या, गोळ्यांच्या तुकड्यांनी बुजल्यात का. मालाची पातळी गोळ्यांच्या वर आहे की खाली, ते पाहायचं. मग लॅबमध्ये सगळ्या पिशव्या चाळायच्या आणि रेसिड्यू अंतराप्रमाणे कागदावर मांडायचा. रेषा उतरत-उतरत मध्येच आडवी झाली की समजायचं, इथून पुढची मिल नुसती फिरते, दळत नाही. मॅडम, हे करून मी एकदा पाहिलंय, दुसऱ्या कप्प्याचे शेवटचे तीन मीटर फुकट जात होते. त्याला संगणक लागला नाही. पिशव्या, चाळण्या आणि आलेख-कागद, एवढ्यावर भागलं.

मॉडेलवाली : शेवटचे तीन मीटर फुकट जातात हे तुम्हाला कळलं. का जातात?

मिलवाला : लायनर. वर्गीकरणाचे लायनर होते, मोठे गोळे पुढे आणि लहान मागे राहावेत म्हणून. ते झिजले आणि गोळे उलटे झाले, मोठे शेवटी जमले.

मॉडेलवाली : हे पाहून सांगताय की अंदाजाने?

मिलवाला : मोठे शेवटी जमलेले पाहिले. झिजेमुळे जमले हा अंदाज.

मॉडेलवाली : आणि किती झिजल्यावर गोळे उलटतात? पंधरा मिलिमीटर? पंचवीस? हे पिशव्या आणि चाळण्या सांगणार नाहीत, कारण तुम्ही झिजेची एकच अवस्था पाहिलीत. मी झिजलेल्या लायनरचं माप घेऊन तोच आकार संगणकात बसवते, नव्याचा बसवते, अधलेमधले पाच बसवते आणि गोळे कोणत्या अवस्थेत उलटायला लागतात ते बघते. इथे मला पुडीचा एकही दाणा लागत नाही. तुमच्या साठ कोटी दाण्यांच्या आक्षेपातून हा प्रश्न सुटतो, कारण तो गोळ्यांचा आणि पोलादाचा आहे. ब्लेन किती येईल हे मी शपथेवर सांगणार नाही. लायनर कधी बदलावे हे सांगायची तयारी आहे.

मिलवाला : ही भाषा तुमच्या आधीच्या लोकांनी बोलली असती तर बरं झालं असतं. ते टनांची हमी द्यायचे. पण माझी मोठी शंका वेगळीच आहे. तुमचं गणित प्रामाणिक असेल तर त्याचा शेवटचा निकाल काय? बॉल मिल भंगारात काढा! एक-दोन टक्के हे तुमचेच शब्द. दाबून फोडणं आपटून फोडण्यापेक्षा स्वस्त, हे जर्मनीत शोनर्टने दाखवून दिलं आणि ऐंशीच्या दशकात त्यावर रोलर प्रेस आले. व्हर्टिकल मिल तर आता नव्या कारखान्यांत जवळपास रिवाजच. त्यांना टनामागे कमी युनिट लागतात, यात वाद नाही. मग तुम्ही या जुन्या भांड्याला कल्हई कशाला करताय? तुमच्या सिम्युलेशनने दोन युनिट वाचले की मॅनेजमेंट म्हणणार, आणखी दहा वर्षं हीच चालवा. म्हणजे सुधारणेमुळेच बदल लांबला.

मॉडेलवाली : हो, लांबेल. मी त्यावर पांघरूण घालणार नाही. पण व्हर्टिकल मिलची किंमत, पाया, नवी इमारत, आणि तिच्यासाठी बंद राहिलेला कारखाना, हे कोण धरणार? ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या 'पॅट' योजनेने २०१२ पासून सिमेंटवाल्यांना ऊर्जेच्या वापराचं लक्ष्य दिलं, तसलं लक्ष्य दरवेळी नवीन मिल घेऊन गाठता येत नाही. आणि ज्या बॉल मिल आज उभ्या आहेत त्या उद्याही उभ्या असणार. त्या कशा चालवायच्या हा प्रश्न शिल्लकच राहतो.

मिलवाला : राहू द्या. त्यावर तुमचं-माझं जमायचं नाही. लायनरपुरतं बोलू. माझी अट एक. तुमचा अंदाज शटडाऊनच्या आधी लेखी द्यायचा. कितव्या मिलिमीटरला गोळे उलटणार, कितव्या मीटरला रेसिड्यूची रेषा आडवी होणार, आणि किती चुकला तर तुम्ही चूक कबूल करणार. कागद माझ्या कपाटात राहील. मग लायनर बदलू, तेवढेच तास चालवू, पुन्हा क्रॅश-स्टॉप, पुन्हा पिशव्या.

मॉडेलवाली : मान्य. पण माझीही अट. दोन्ही वेळी क्लिंकरचा नमुना, तापमान, फीड आणि टाकलेल्या गोळ्यांची आकारवार नोंद हवी. नाहीतर मी चुकले तर तुम्ही म्हणाल मॉडेल खोटं, आणि जिंकले तर म्हणाल क्लिंकर बदललं.

मिलवाला : आणि दोन्ही वेळी नोंद असूनही क्लिंकर थोडंफार बदललेलं निघालं, तर?

मॉडेलवाली : तर तुमचं आणि माझं पुन्हा जुंपेल. पण या वेळी आकड्यांवरून.

मिलवाला : ठीक. नोंदी मी ठेवायला लावतो. क्रॅश-स्टॉपची परवानगी मात्र तुम्हीच प्रॉडक्शनकडे मागा. निवण्यापासून पिशव्या भरेपर्यंत मिलची अख्खी शिफ्ट जाते. महिनाअखेरीला डिस्पॅच असतो, तेव्हा देणार नाहीत. मार्चमध्ये तर विचारूच नका.